तिसरी काच

“हीसुद्धा टेढ़ीच आहे,” जयसिंगराव म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा शालिनीच्या दुकानातल्या टेबलावर ठेवला. अलगद नाही.

शालिनीने लेन्स काढली. चिमट्याने आतली फोकसिंग स्क्रीन बाहेर घेतली. टपाल तिकिटाएवढी काच. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारं चित्र तिच्यावरच उमटतं. पंधरा दिवसांतली ही तिसरी. पहिलीत मधोमध दुभागलेलं वर्तुळ होतं. त्याचे दोन अर्धे भाग जुळतच नाहीत, म्हणून त्यांनी ती परत आणली होती. पुढच्या दोन्ही जाळीच्या, उभ्याआडव्या बारीक रेघांच्या. कृष्णपुऱ्याच्या समाधीछत्र्यांचे दगडी खांब फोटोत ताठ यावेत म्हणून त्यांनीच मागितलेल्या.

“तीस वर्षं छत्र्यांचे फोटो काढतोय, बेटा. एक खांब कधी झुकला नाही. हा नकली माल तू आणतेस कुठून?”

“सीलबंद होती, काका. तुमच्यासमोर उघडली.”

“मग सील करणारा अंधा असेल.”

तिने काच पुन्हा बसवली, लेन्स लावली, कॅमेरा समोरच्या घराच्या खिडकीवर धरला. गज सरळ होते. रेघाही सरळ होत्या.

“नेमकं कुठे वाकतात?”

“मधोमध. कडेच्या एकदम बढ़िया.”

शालिनीने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. “आता मधे बघू नका. डाव्या कोपऱ्यातली रेघ बघा.”

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. “आता ती झुकली.” जरा थांबून म्हणाले, “आणि मधली सरळ झाली वाटतं. ये क्या तमाशा है?”

शालिनी हसली नाही.

“काका, डाव्या डोळ्याने बघा.”

“मी काय नवशिका आहे? जन्मभर उजव्यानेच बघत आलोय.”

“एकदा बघा तर.”

त्यांनी कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. मग पुन्हा उजव्याला. पुन्हा डाव्याला.

“सरळ आहेत,” ते म्हणाले. दुकानात आल्यापासून त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “म्हणजे मागच्या दोन्ही...”

“चांगल्या होत्या.”

बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत होतं. जयसिंगराव तिकडे बघत राहिले, एक डोळा मिटून.

“डोळ्यांच्या डॉक्टरांना आजच दाखवायचं,” शालिनी म्हणाली. तिने दुकानाच्या शटरची किल्ली उचलली. “मी येते बरोबर. कॅमेरा द्या इकडे. ही काढून तुमची जुनी साधी काच बसवते, म्हणजे रेघांचा त्रास नको.”

त्यांनी कॅमेरा दिला नाही. पट्टा गळ्यात अडकवला.

“राहू दे. रोज सकाळी उजव्या डोळ्याने बघता येईल, रेघा किती वाकल्या ते.”