वेगवेगळं शिकवाल का?

दुसऱ्या वर्गातूनही ते दोघं अर्ध्यातच उठून आले.

"पिस्तूल शिकवतोय की कवायत?" गाडीत बसता बसता मार्व्हा म्हणाली. "एवढा ओरडला तर चोर तसाच पळून जाईल. गोळी कशाला लागतेय!"

लेलंड हसला नाही. त्यानं पिकअप सुरू केली आणि गावाकडच्या सरळसोट रस्त्याला लावली. वायोमिंगचा वारा दाराच्या फटीतून शिट्ट्या घालत होता.

दोन्ही ठिकाणी त्यानं एकच गोष्ट विचारली होती. नवरा-बायकोला वेगवेगळं शिकवाल का? दोन्हीकडे नकार मिळाला. जोडप्यानं एकत्रच शिकायचं, नाहीतर ऐन वेळी एकमेकांवरच गोळी झाडाल, असं त्यांचं म्हणणं.

मार्व्हाला त्याची गंमत वाटत होती. ती गुरांच्या रँचवर वाढलेली, बापाच्या मागे हिंडून नेम शिकलेली. लेलंडनं जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. बायकोसमोर नेम चुकण्याची लाज वाटत असणार, दुसरं काय!

पण घरात पिस्तूल हवं, हे तिलाही पटलं होतं.

हिवाळा सरता सरता घरात एक बाई शिरायला लागली. पहिल्यांदा लेलंडनंच तिला पाहिलं, भर दुपारी, स्वयंपाकघरात. तो दारातच थिजला. सावरून आत शिरेपर्यंत ती मागच्या अंगणात निघून गेली होती. नंतरही ती त्यालाच दिसायची, मार्व्हाला कधीच नाही. चोरी मात्र मार्व्हाच्याच वस्तूंची व्हायची. खुंटीवरचा कोट गेला. आईनं दिलेला कंगवा गेला. मग भिंतीवरचा लग्नाचा फोटो गेला. पैशाला हात न लावता फोटो नेणारी बाई कसली चोर?

शेरीफच्या माणसांनी घराभोवती चक्कर मारली, खिडक्या तपासल्या आणि खांदे उडवले.

तेव्हापासून लेलंड पलंगावर झोपेनासा झाला. बैठकीच्या खोलीत, दाराकडे तोंड करून, खुर्चीत बसून राहायचा. मार्व्हाच्या बापाची जुनी रायफलही त्यानं आपल्या भावाकडे नेऊन ठेवली. "तिच्या हाती लागली म्हणजे?" एवढंच म्हणाला. पिस्तूल असलं की अंगावर बाळगता येईल, हाही त्याचाच विचार. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस आपल्यासाठी इतका कधी झुरला नव्हता, असं मार्व्हाच्या मनात यायचं आणि भीतीतही तिला ऊब वाटायची.

वाटेत ते खायला थांबले. चेरी भरून भाजलेल्या गोड ‘पाय’चे दोन तुकडे आले. लेलंडनं आपली बशी मुकाट्यानं तिच्यापुढं सरकवली आणि तिची ओढून घेतली.

"अरे, तुझा तुकडा मोठा होता की!"

"खा तू," तो म्हणाला. ती पहिला घास गिळेपर्यंत तो बघत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "लग्नानंतर आपण पहिल्यांदा फिरायला गेलो, तेव्हा गाडी कुठं बंद पडली होती गं?"

"थर्मोपोलिसच्या अलीकडे. आणि तू म्हणालास, नकाशात तर रस्ता बरोबर आहे!" मार्व्हा खळखळून हसली. "आज कसं काय आठवलं रे?"

"बरोबर," लेलंड म्हणाला. उत्तरपत्रिका तपासताना म्हणायचा, तसं.

तिसरी शिक्षिका डॉटी क्विगली. शेरीफच्या कचेरीतून निवृत्त झालेली, ठेंगणी, गळ्यात रुमाल बांधलेली बाई. जुन्या मुरुमाच्या खाणीत ती शिकवायची. तिनं आवाज चढवला नाही की बढाई मारली नाही. आधी दोघांना लाकडी बाकावर बसवलं, थर्मासमधली कॉफी दिली आणि घरात शिरणाऱ्या बाईची हकिकत ऐकून घेतली.

"वेगवेगळं शिकवाल का?" लेलंडनं विचारलं.

"शिकवीन की. पण शेवटचा धडा दोघांचा मिळून."

लेलंडचा चेहरा उजळला. मार्व्हानं त्याचा हात दाबला. जमलं एकदाचं! तो हात गारठलेला होता.

डॉटीनं पिस्तूल उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि बाकावर ठेवलं. "माझ्याकडे पहिला नियम एकच. समोर कोण आहे याची खात्री पटल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. त्या बाईला तुम्ही ओळखता?"

"नाही हो," मार्व्हा म्हणाली.

"ओळखतो," लेलंड म्हणाला.

मार्व्हानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. हे तो कधी बोलला नव्हता. तो समोरच्या मुरुमाच्या भिंतीकडे बघत होता.

डॉटी मार्व्हाकडे वळली. "मार्व्हा, माझ्या गाडीत मागच्या बाजूला गोळीचा आवाज अडवायला कानावर घालायच्या टोप्या आहेत. तेवढ्या आणता?"

नवऱ्याशी एकट्यानं बोलायचंय तिला, हे मार्व्हानं ओळखलं. तेही बरंच झालं. ओळखीचीच कुणी असेल, शाळेतली जुनी एखादी, तर बायकोसमोर तो कसा बोलणार? ती चालत गेली, टोप्या काढल्या. परतताना मुरुमाच्या ढिगाऱ्याआड तिचे पाय आपोआप मंदावले. वारा तिच्याच दिशेनं वाहत होता. लेलंडचा शब्द न् शब्द कानावर येत होता.

"आधी मला शिकवा. तिला नाहीच शिकवलंत तर उत्तम."

"का बरं?"

"माझ्या बायकोचं तिनं काय केलं, ते मला तिच्या तोंडून वदवून घ्यायचंय. बायकोच्या राहिलेल्या वस्तू मी तिच्या हाताला लागू दिल्या नाहीत, कोठारात लपवल्यात. आता ती टोप्या घेऊन येईल. चेहरा, आवाज, हसणं, सगळं हुबेहूब मार्व्हासारखं आहे. तुम्ही फसू नका, बाई."