टॉवेल सोडल्यावर

ऑपरेशनमध्ये डावा स्तन गेल्यापासून गेझिना नवऱ्यासमोरही कपडे बदलत नसे. सगळे विवस्त्रच वावरतात अशा बाल्टिक समुद्राच्या त्या किनाऱ्यावर ती अर्धा तास टॉवेल घट्ट धरून उभी राहिली. शेजारी उघडीवाघडी म्हातारी उकडलेलं अंडं सोलत बसली होती. ती म्हणाली, "पहिल्यांदाच आलीस ना? सोड तो टॉवेल, पोरी. माझं पोट बघ, तीनदा शिवलंय!"

गेझिनाला हसू फुटलं. तिने टॉवेल सोडला. व्रणाला वारा लागला. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. हुरूप येऊन ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"फोल्कमार, बघ ना, जमलं मला!"

फोल्कमारने डोळे मिटून घेतले.

"ऊन फार आहे गं," तो म्हणाला.

ऊन तर त्याच्या पाठीवर पडलं होतं.