येडियलचे गुडघे

बेसबॉलच्या सामन्याचा पाचवा डाव चालू असताना फिजिओ धावत आला आणि त्याने गावाच्या संघाचा प्रशिक्षक मर्ल याच्या हातात फोन कोंबला. सामना चालू असताना फोनला हात लावायचा नाही, हा नियम खुद्द मर्लचाच. त्याने तो चिडून कानाला लावला.

"येडियलला बाहेर काढ," ज्याच्यासाठी मर्लचा संघ पोरं घडवायचा, त्या थोरल्या संघाच्या ऑफिसातून ग्रेटा बोलत होती. "आत्ता."

"का? काय केलंय पोराने?"

"काही नाही. दुसऱ्या संघाला दिलाय त्याला. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संध्याकाळी संपते, त्याआधी कसंबसं जमवलं. बदल्यात डावखुरा हॅस्केल येतोय."

मर्लने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पचकन थुंकली. "हॅस्केल? अगं, एकोणचाळीस वर्षांचा घोडा तो!"

"दोन महिने टिकला तरी खूप झालं. दोनच सामन्यांनी मागे आहोत आपण, मर्ल. बावीस वर्षांत इतक्या जवळ कधी आलोय?"

"आणि हा वीस वर्षांचा आहे. तीन वर्षांनी तुमचा कॅचर हाच असणार होता ना? तुम्हीच म्हणालात, जप त्याला. आठवड्यात चार दिवसच उकिडवा बसू दे. जपला! त्याला बाकावर बसवून नऊ सामने हरलो मी. नऊ! पेट्रोल पंपावर बायका शिव्या घालतात मला."

"माहितेय."

"मग कोणासाठी हरलो मी?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ग्रेटा म्हणाली, "त्या लोकांनी गुडघ्यांचे एक्स-रे मागवले होते. एकदम स्वच्छ निघाले. म्हणून तर जमलं." आणि फोन ठेवता ठेवता, "बाय द वे, आज तुझ्यासमोर खेळतायत ना, त्यांच्याच थोरल्या संघाने घेतलाय. सामान लांब न्यावं लागणार नाही त्याला."

मैदानात येडियल फलंदाजाच्या मागे, कॅचरच्या जागी उकिडवा बसून मांड्यांच्या मधोमध बोटं नाचवत होता. एक बोट, तीन बोटं, मूठ; कोणता चेंडू टाकायचा त्याच्या चोरखुणा. समोर उंचवट्यावर चेंडू टाकणाऱ्या ट्रिपने मान डोलावली, चेंडू सुटला, फलंदाजाची बॅट हवेत फिरली. डाव संपला. येडियल मास्क वर करून, दात काढत डगआउटमध्ये, संघाच्या बाकांपाशी आला.

"बस खाली," मर्ल म्हणाला. "ओटिस, पॅड बांध. पुढचा डाव तू."

येडियलचं हसू तिथेच गळालं. "मी पळालो होतो, स्किप! मगाशी आउट झालो तेव्हा. पहिल्या बेसपर्यंत पूर्ण पळालो, आईची शपथ! विचारा कोणालाही."

आउट होणार हे दिसत असलं तरी पळायचं, न पळणाऱ्याला बाकावर बसवायचं, हासुद्धा पोरांच्या या 'स्किप'चा, मर्लचाच नियम.

"पळालास. पाहिलं मी."

"मग गुडघे? आज चौथाच दिवस आहे." त्याने चार बोटं दाखवली.

पण बाकीच्यांना कळलं होतं. मुदतीच्या दिवशी धडधाकट खेळाडूला मध्येच बाहेर काढलं, की कोणी काही विचारत नाही. नुसत्या मिठ्या मारतात. पहिला आला ट्रिप, त्याचा खोलीतला जोडीदार.

"ए जाड्या, माझे निळे बूट तेवढे परत दे," ट्रिप त्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला.

"आता कशाला? रात्री देतो ना."

ट्रिप सोडेचना. मग दुसरा आला, तिसरा आला. तिसऱ्या मिठीत येडियलचे हात आपोआप खाली पडले.

"कुठे?" त्याने विचारलं.

मर्लने हनुवटीने मैदानापलीकडे खूण केली.

"तिथे? त्या डगआउटमध्ये?"

"उद्या दुपारी त्यांच्याकडून खेळायचं."

उद्याचा सामना जिंकला तर गावाचा संघ बाद फेरीत जाणार होता. हे येडियलला माहीत होतं, गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मर्ल खाली वाकून त्याच्या पायांवरचे पट्टे सोडवू लागला. मर्लही एके काळी कॅचरच होता. जमिनीला टेकताना त्याचे गुडघे सुपारी फोडल्यासारखे वाजले, आणि एरवी त्यावर खिदळणारी पोरं आज गप्प राहिली.

"मला वाटायचं, तुम्हाला माझा खेळ आवडत नाही," येडियल हळूच म्हणाला. "म्हणून सारखं बसवता."

मर्लच्या हातात शेवटचा पट्टा अडकला होता. तो सुटायला फार वेळ लागला.

येडियलने हात देऊन त्याला उभं केलं. मग बॅग खांद्याला लावून तो कुंपणाच्या कडेकडेने निघाला. चाल कशी ताठ, हलकी! प्रेक्षकांत कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. त्याने टोपी काढली, आणि मग ती कोणत्या संघाची आहे ते बघून पुन्हा घालावी की नाही, अशा विचारात हातातच धरली.

मर्लने पाठ फिरवली. "ओटिस, ट्रिप, इकडे या. सगळ्या खुणा बदलायच्यात."

ट्रिपचे डोळे लाल होते. "आत्ता? तो अजून पलीकडे पोचलाही नाही, स्किप."

"आत्ताच."

मर्लने पोटाशी बोटं उघडली. एक, मूठ, दोन. दुसऱ्या हाताचा आडोसा मात्र त्याने मैदानाच्या बाजूने धरला होता, तिकडे चाललेल्या पोराला दिसू नये असा.