साडेतीनशे क्युसेक

“आई, आज पाणी कमीए,” गाडी पुलावर येताच आर्य म्हणाला.

नेत्रानं कठड्यापलीकडे नजर टाकली. खरंच कमी होतं. तिला मनातून बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

कोलोरॅडोतल्या त्या छोट्या गावानं पुलाखालच्या पात्रात मोठाले दगड सिमेंटनं पक्के बसवून लाटा उठवल्या होत्या. कायाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची चिंचोळी होडी, चालवणारे लांबलांबून तिथे येत. आता वरच्या अंगाचं शहर नव्या वस्त्यांसाठी त्याच नदीवर हक्क सांगत होतं. म्हणून गावानं पाण्याच्या हक्कांचे तंटे चालणाऱ्या कोर्टात अर्ज केला होता: उन्हाळाभर साडेतीनशे क्युसेक पाणी कायाकसाठी पात्रात राहू द्या. शहराचं म्हणणं, दीडशे पुष्कळ झालं.

गावाच्या बाजूनं साक्ष द्यायची होती आर्यची मैत्रीण इला. पण तिचा खांदा निखळला आणि ऐन वेळी आर्यचं नाव पुढे आलं.

नेत्राही देव पाण्यात ठेवून बसली होती, पण गाव हरावं म्हणून. आईच ती. पोरगं त्या फेसाळ पाण्यात उलटून पुन्हा वर येईपर्यंत काठावर तिचा जीव टांगणीला लागे. पुण्याहून शुभामावशी फोनवर दर वेळी तेच विचारायची, “अगं, तू त्याला जाऊ तरी कशी देतेस?” नेत्रा विषय बदलायची. तिनं एवढंच केलं होतं, की त्याची कायाक भडक पिवळी घेतली, लांबून दिसावी म्हणून. “एनी कलर, आई,” तो म्हणाला होता.

कोर्टाच्या दाराशी तिनं त्याचा दंड धरला. “पायऱ्या आहेत हं.”

“चार. आय नो, आई. काल येऊन गेलोय मी.”

चोवीस वर्षांच्या मुलाला पायऱ्या काय दाखवायच्या, हे तिलाही कळत होतं. पण सवय कुठली सुटते!

शहराचा वकील मोठा गोडबोल्या होता. त्यानं पडद्यावर दोन फोटो लावले. लाट एकच, एक फोटो साडेतीनशे क्युसेकला काढलेला, दुसरा दीडशेला.

“जास्त पाणी कुठल्या फोटोत आहे, युअर ऑनर? मला तर ओळखता येत नाही.”

न्यायाधीशबाईंनी चष्मा सावरून पाहिलं. “मलाही नाही,” त्या म्हणाल्या.

वकील आर्यकडे वळला. “तुम्हाला सांगता येईल?”

“नाही,” आर्य शांतपणे म्हणाला.

संपला खटला, नेत्राला वाटलं. तिला हवं होतं तेच झालं होतं. मग आपणच हरल्यासारखं का वाटतंय, हे तिचं तिलाच कळेना.

“म्हणजे दीडशेतही तुमचा खेळ होतोच,” वकील हसला. “मग शहरातल्या मुलांच्या पेल्यातलं पाणी कशाला मागता?”

“साडेतीनशेला प्रत्येक दगडाचा आवाज वेगळा असतो,” आर्य म्हणाला. “पहिला घुमतो. डावीकडचा टाळ्या पिटतो. भोवरा जवळ आला की आवाज एकदम खाली जातो. आधी इला पुढे राहून ओरडायची. आता मी एकटा जातो. हात धरायला कुणी नसतं तिथे. पाणी दीडशेवर आलं, की सगळी नदी नुसती एकसारखी सळसळते.”

नेत्रानं मान खाली घातली. हे त्यानं घरी कधीच सांगितलं नव्हतं. तिनं कधी विचारलंही नव्हतं.

“आवाजाचं काय घेऊन बसलात?” वकील म्हणाला. “कायाक काय ऐकून चालवतात?”

आर्यनं न्यायाधीशबाईंचा आवाज आला होता तिकडे तोंड वळवलं.

“मी जन्मापासून आंधळा आहे, युअर ऑनर,” तो म्हणाला. “फक्त त्या पाण्यात नाही.”