कसल्या बायकांचा रोग

माझ्या थोरल्याला तोंडाआधी हात चालवायची खोड आहे. बायकोने मोठ्या लेकीला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस टोचून आणली, एवढं कानावर पडलं आणि हा वर्कशॉपमधून तसाच तरातरा घरी आला. सुनेची वेणी धरून तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. रक्त पार डोळ्यात उतरलं तिच्या. दोन्ही पोरी भेदरून पलंगाखाली शिरल्या.

"असला रोग कसल्या बायकांना होतो ते ठाऊक आहे मला! माझ्या पोरीला त्यांच्यात बसवतेस?" असं ओरडत त्याने पुन्हा हात उगारला.

मी तव्यावरचं तापलेलं उलथणं उचललं आणि त्याच्या मनगटावर ठेवून दिलं. गुरासारखा हंबरला आणि मनगट धरून खाली बसला.

"आई, अगं वेड लागलंय का तुला?"

"माझी पिशवी काढली ना, ती याच रोगापायी. तू नऊ महिने राहिलास तीच पिशवी. तपासणीत वेळेवर सापडलं म्हणून जिवंत आहे. आता सांग, मी कसली बाई?"

त्याने एकदा माझ्या पोटाकडे बघितलं.

 

"मग ऊठ. हिचं डोकं शिवून आण आणि धाकटीलाही टोचून आण, नाहीतर या घरात पाऊल टाकू नकोस."