धरलेली जागा

बडनेऱ्याच्या थांब्यावर सिटी बस आली की आधी दुपट्टे आत शिरायचे, मग माणसं. खिडकीतून दुपट्टा टाकला की जागा आपली! कापूस बुडाल्यापासून अमरावतीत कामाला जाणाऱ्यांची गर्दीच तेवढी होती. फुलं विकणाऱ्या तानुबाईची जागा तिचे यजमान, उत्तमराव, अशीच धरून द्यायचे.

मागे एके दिवशी त्यांनी असाच खांद्यावरचा दुपट्टा टाकला, तानुबाई टोपलीसकट आत घुसली आणि बस सुटली. उत्तमराव खालीच राहिले. चपला फटफटवत मागे धावले. "थांबवा" म्हणावं तर उशीर होईल, शेवंती सुकेल, म्हणून ती गप्प बसली. धावता धावताच ते कोसळले, ते उठलेच नाहीत. सरणावर तो दुपट्टा तिनंच त्यांच्या अंगावर घातला.

यंदा नव्या बस आल्या. वेळेवर येतात, बसायला मिळतं. आज तर निम्मी बस रिकामीच होती. तरी तानुबाईच्या नेहमीच्या जागेवर कुणीतरी दुपट्टा टाकलेला. त्याच्या कोपऱ्यावर झेंडूचा पिवळा डाग, तिनं कितीदा धुतला तरी न गेलेला.

"हा कोनाचा व, बाई?" तिनं कंडक्टर करिश्माला विचारलं.

"तुमच्याच घरचा असन, मावशी. आत्ताच एका बुढ्यानं खिडकीतून टाकला. म्हने, आमच्या बाईची जागा हाय."

तानुबाईनं खिडकी चाचपली. सलग काच होती, कुठूनच न उघडणारी. तिनं दुपट्टा उचलला, तो घामानं ओला लागला.

डबल बेल झाली. बस हलली. मागून चपलांची फटफट धावत येऊ लागली.

तानुबाईनं तोंड उघडलं.

याही वेळी शब्द फुटला नाही.