हिरवा दिवा

“पप्पा, गिटारला हात लावू नका हं.”

“त्या टणटणाटाला कोण हात लावतंय?” पेपरातून मान वर न करता पप्पा म्हणाले. माझा सराव सुरू झाला की ते दार लावून घेतात.

गिटारचा आवाज वायरीशिवाय स्पीकरला पोचवणाऱ्या नव्या वायरलेसच्या जोडीतला एक तुकडा माझ्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये खोचून मी ती दिवाणावर ठेवली आणि दुसरा खाली अंगणातल्या स्पीकरला जोडला. हिरवा दिवा लागला. संध्याकाळी सोसायटीच्या कार्यक्रमात वायरीत पाय न अडकता, नाचत वाजवायचं होतं.

गिटार आणायला वळले, तोच स्पीकर बारीक आवाजात वाजू लागला. माझंच सरावाचं गाणं, अडखळत, पण सगळं. कडव्यात मी जिथे चुकते, तिथेच चूक.

“वर कोण आहे गं?” खुर्च्या मांडणाऱ्या काकूंनी विचारलं.

“पप्पा! त्यांना वाटलंय, वायर नाही म्हणजे आवाज नाही.”

मी आवाज वाढवला. गाणं जागीच थांबलं. काकू टाळ्या पिटत ओरडल्या, “वन्स मोअर!”

आमच्या खिडकीत पप्पांचं डोकं दिसलं आणि खिडकी धाडकन बंद झाली.

झालं, म्हणत मी स्पीकर बंद करायला वाकले, तर गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. चुकीसकट, दणक्यात.